पायरीची खालची बाजू

१

रोज सकाळी आंघोळ झाली की मी जमिनीवर आरसा ठेवतो आणि एकेक पाय त्यावर धरून तळवे बघतो. लष्करी इस्पितळातल्या डॉक्टरांनी लावलेली ही सवय. डाव्या पायाची बोटं त्यांनी तिथंच काढली. उजव्याची राहिली, पण नावापुरती. सियाचीनवरून मला खाली आणलं तेव्हा घोट्याखाली काही कळत नव्हतं आणि नंतरही कधी कळलं नाही. काटा रुतो, काच घुसो, निखाऱ्यावर पाय पडो, मला पत्ता नसतो. म्हणून आरसा.

चालताना मी खाली बघून चालतो. पायाखाली जमीन आहे हे मला डोळ्यांनी कळतं. गावात लोकांना वाटायचं, वीरधवल सुभेदार झाला आणि मान खाली घालून चालायला शिकला.

नोकरी संपवून घरी आलो त्याच वर्षी वडील गेले. अंगणात त्यांना ठेवलेलं होतं, बहिणी हंबरडा फोडत होत्या आणि मी बायकांना बसायला जाजम पुरतंय का ते बघत होतो. रडू येईल म्हणून दहाव्यापर्यंत वाट बघितली. पुढं उसाला पाणी पाजताना एकटा असायचो, तेव्हाही बघितली. आलं नाही.

क्रांतीनं, माझ्या बायकोनं, एकदाच विचारलं, "आवं, तुमचं पायच तेवढं बधीर झाल्यात न्हवं?"

मी म्हणालो, "व्हय."

तिनं परत विचारलं नाही. पण त्यानंतर ती माझ्याशी जरा मोठ्यानं बोलायला लागली. बहिऱ्याशी बोलतात तसं.

२

शहाण्णव साली क्रांतीच्या मामांनी, लालासाहेबांनी, पाचगणीत एक जुनी इमारत घेतली. बंद पडलेल्या एका निवासी शाळेचं ते धुलाईघर. खाली दगडी हौद आणि पाणी तापवायची भट्टी. वर कपडे वाळवायची लांबच लांब खोली, दोन्ही अंगांना झडपांच्या खिडक्या. शाळांतल्या पोरांना भेटायला येणाऱ्या आईबापांसाठी तिथं उतरायच्या खोल्या काढायच्या असं मामांच्या मनात होतं.

"शेतात तुला चालवत न्हाई. हितं बसून कारभार बघ," मामा मला म्हणाले.

काम तिथंच राहून करून घ्यायचं ठरलं. क्रांती शेतापायी कोरेगावजवळ गावीच राहिली. आठवड्याच्या बाजारादिवशी एसटीनं यायची, भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन.

वर जायला पूर्वी लोखंडी शिडी होती, ती कुणी भंगारात नेली होती. कोपऱ्यात छताला एक चौकोनी भोक तेवढं राहिलं होतं. तेवढ्या जागेत सरळ जिना बसेना. सांगलीहून आलेला सयाजी सुतार भोकाखाली उभा राहून बराच वेळ वर बघत होता.

"गोल जिना करू सुभेदार," तो म्हणाला. "मधी एक खांब, भवतीनं पायऱ्या. सांगलीत एका वकिलाच्या माडीला केलाय म्या. अजून करकरत न्हाई."

क्रांती त्या दिवशी आलेली होती. "ह्यांच्या पायानं गोल जिना? सपाट भुईवर धडपडत्यात."

"वैनी, कठडा असा करतो का आंधळ्यानं धरून वर जावं."

"आंधळा परवडला. त्याला पाय तरी कळत्यात."

सयाजी हसला. मीही हसलो. हसायची जागा मला कळते.

३

लाकूड नवं होतं. कराडच्या वखारीत उभं राहून मी स्वतः निवडलेलं सागवान. हे सांगून ठेवतो, कारण नंतर मी स्वतःलाच पुष्कळदा सांगितलं.

सयाजीचं काम बघत बसणं मला आवडायचं, म्हणजे आवडत असावं, कारण मी तासन्‌तास बसायचो. प्रत्येक पायरी खांबाकडं निमुळती, बाहेर पसरट. दोन पायऱ्यांच्या मधली जागा उघडी, म्हणजे खाली उजेड यावा. वरून त्यानं प्रत्येक फळी रंधून, घासून, पॉलिश करून आरशासारखी केली. खालची बाजू मात्र तशीच ठेवली. करवतीचे वळ, कुसं, सगळं.

"खालनं कोन बगतंय?" तो म्हणाला.

जिना उभा राहिला आणि सयाजी सांगलीला गेला. पाऊस लागला. पावसाळ्यात पाचगणी रिकामी होते आणि धुकं खिडक्यांतून आत येऊन बसतं, पाहुण्यासारखं. गवंडी, रंगारी निघून गेले. राहिलेलं काम दिवाळीआधी करायचं होतं. इमारतीत मी एकटा.

दिवसातून दोनदा मी वर जायचो, खिडक्यांतून आलेलं पाणी पुसायला. एका हातानं कठडा, नजर पायांवर. पायऱ्या वाजायच्या थोड्या. नवं लाकूड पावसाळ्यात वाजतंच. पण खाली चहा घेत बसलो असताना त्या वाजल्या तेव्हा मी मान वर केली. वर कुणी नव्हतं. एक पायरी वाजली, मग तिच्या खालची, मग तिच्या खालची. कोयनेचा हादरा असेल. आमच्याकडं भांडं वाजलं तरी कोयना म्हणतात, आणि पुष्कळदा ते खरंही असतं.

तरी मी उठून जिन्याखाली गेलो. वर बघितलं.

करवतीचे वळ जागोजाग पुसले गेले होते. प्रत्येक पायरीच्या खालच्या बाजूला, पसरट भागात, वीतभर लांब एक गुळगुळीत डाग. एका पायरीवर डावीकडं, पुढच्या पायरीवर उजवीकडं. मी हात लावून बघितला. जुन्या देवळाचा उंबरा लागतो हाताला, तसं लागलं. किंचित खोलगट.

४

मी सयाजीला निरोप धाडला. दोन दिवसांनी तो आला, ओली छत्री दारात ठेवून सरळ जिन्याखाली गेला.

"कुनी घासलं हे?"

"तूच घासलं असशील. लक्षात नसंल."

"म्या? म्या खालनं रंधा लावलाच न्हाई."

"दमट हवेनं होतं का असं?"

"दमटीनं लाकूड फुगतं सुभेदार. झिजत न्हाई." मग त्यानं वेगळाच सूर लावला. "कुनी गडी ठेवलाय का तुमी? चेष्टेखोर?"

"कुणी नाही."

त्यानं कानस घेतली आणि सगळे डाग खरवडून पुन्हा खरबरीत केले. वर सगळ्या खालच्या बाजूला चुना फासला. "आता कुनी हात लावला तर कळंल," म्हणाला. त्याचा माझ्यावर संशय असावा असं मला वाटलं. वाटू दे. एकट्या राहणाऱ्या माणसावर घ्यावाच संशय.

रात्री तो खाली झोपला, मीही. काही झालं नाही. सकाळी मी आंघोळ करून आलो, आरशावर पाय धरला.

तळवा पांढरा होता. टाच, चवडा, सगळीकडं चुना. मी पाय धुऊन घरातल्या घरात चाललो होतो आणि जमिनीवर चुन्याचा ठिपकाही नव्हता. मला वाटलं, चुना कालवला तिथं कुठं पाय पडला असेल. कळत नाही ना मला. मग आरसा डाव्या पायाखाली सरकवला. तिथंही चुना. पण डाव्या पायाला जिथं बोटं नाहीत, टाके घातलेली नुसती कड आहे, तिथं त्या कडेवर चुन्याचे पाच गोल ठसे होते. शेजारी शेजारी. एक मोठा, चार लहान.

सयाजी तोपर्यंत जिन्याखाली जाऊन आला होता. मी पाय झाकले. त्यानं काय बघितलं ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. पिशवी भरता भरता म्हणाला, "खालनं फळ्या मारून बंद करू सगळं. नागपंचमी झाली का येतो."

"कशाला?"

"बरं दिसत न्हाई," सयाजी म्हणाला.

५

तो गेल्यावर मी त्याच दुपारी अनवाणी जिना चढलो. भीती वाटत नव्हती. खरं सांगायचं तर काहीच वाटत नव्हतं, फक्त बघायचं होतं.

खालच्या काही पायऱ्यांवर नेहमीसारखंच. लाकूड दिसत होतं, लागत नव्हतं. मग जिना वळतो, तिथं खिडकीचा उजेड कमी होतो आणि पाऊल टाकताना पाय दिसत नाहीत. तिथं मी उजवा पाय ठेवला आणि थांबलो.

ऊब लागली.

टाचेला आधी. मग चवड्याला. मी पाय उचलला, ऊब गेली. ठेवला, आली. फळीतून, तिच्या पलीकडून, कुणीतरी तळव्याला तळवा लावून उभं होतं. मी भार दिला की तिकडून भार येत होता. डावा पाय वरच्या पायरीवर ठेवला, आणि ज्या बोटांना मी इस्पितळात सोडून आलो होतो ती पाचही बोटं मला लागली. दुसऱ्या पाच बोटांवर टेकलेली.

शुद्धीतला माणूस अशा वेळी पळून जातो. मी तिथं खाली बसलो आणि वडील गेल्याचं मला कळलं. म्हणजे ते अंगणात ठेवलेले, नाकात कापूस, धोतर एका बाजूनं वर गेलेलं, आणि ते कुणी नीट केलं नाही. मी का नाही केलं. मी कठड्याला डोकं लावून रडलो, आवाज काढून. धुलाईघर मोठं आहे, आवाज घुमत राहिला.

बसलो तशी तळव्याखालची ऊब हलली नाही.

नंतर रोज. वर जायचो, खाली यायचो. जिन्यावर असेपर्यंत सगळं असायचं. क्रांतीचं लग्नातलं हिरवं लुगडं. बंकरमध्ये माझ्या शेजारी झोपायचा तो पंजाबी पोरगा आणि सकाळी त्याला हलवून उठवायला गेलो ते. सगळं दुखायचं आणि मी दुखू द्यायचो. जिन्यावरून जमिनीवर पाय ठेवला की दिवा विझावा तसं.

हे माझ्याच मज्जातंतूंमधून येतंय, मेलेल्या नसा कधी कधी खोटं बोलतात, हे मला डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. मी ते आठवायचो. मग पुन्हा चढायचो.

६

बाजारादिवशी क्रांती आली. चपला दारात काढून आत आली. मी वर होतो. मी उतरायला लागलो आणि ती जिन्याखालच्या हौदाच्या कट्ट्यावर गाठोडं सोडत बसली. सोडता सोडता तिनं वर बघितलं.

"थांबा," ती म्हणाली.

मी थांबलो.

"हलू नगा."

"काय झालं?"

मला पायऱ्यांच्या मधून तिचा वर केलेला चेहरा दिसत होता. ती माझ्याकडं बघत नव्हती. तिची नजर माझ्या पायापासून निघून हळूहळू खालच्या पायरीकडं गेली. तिथं थांबली.

"तुमी थांबलासा," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "ते न्हाई थांबलं. ते एक पायरी म्होरं गेलं."

"काय ते?"

"आता वाट बघतंय."

माझ्या तळव्यांखाली तेव्हा खरंच काही नव्हतं. मी खालच्या पायरीवर पाय ठेवला असता तर असतं. मला ठेवायचा होता. तिला ते दिसलं असावं.

"वर जा," ती म्हणाली. "आवं, वर जा माघारी. मी कुनाला तरी बोलवून आनते, शिडी लावून तुमाला काढतो. ह्यावर पाय ठेवू नगा."

"क्रांती, मला पाय कळत्यात ह्याच्यावर."

ती उभी राहिली.

"पाय कळत्यात. बाबा गेले ते कळलं मला. तू त्या दिवशी लाल पातळ नेसली होतीस, पदर फाटका होता. मला सगळं कळतंय."

आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात मी तिच्याशी असं बोललो नव्हतो. ती रडत होती की काय ते धुक्यात दिसलं नाही.

"मग खाली येऊन सांगा मला," ती म्हणाली.

"खाली आलो की जातं."

तिनं गाठोडं कट्ट्यावर बाजूला सारलं. मग पदर खोचला आणि जिन्याकडं आली. मला न्यायला. मी तिला थांबवायला पाहिजे होतं. ती माझी बायको आहे, ती माझ्याकडं येतेय, एवढंच मला त्या घडीला कळत होतं, आणि ते इतकं गोड होतं की मी नुसता उभा राहिलो.

७

ती पहिल्या काही पायऱ्या भराभर चढली. वळणाशी आली तेव्हा मी तिच्या डोक्यावरच्या पायऱ्यांवर होतो आणि पायऱ्यांच्या फटींतून खाली बघत होतो.

ती एका पायरीवर थांबली. पायरीची मागची कड मला तेवढ्या उजेडातही दिसत होती. त्या कडेवर, खालच्या बाजूनं वर येऊन, बोटं वळलेली होती. पायाची बोटं. फार वेळ पाण्यात राहिलेल्या माणसाची असतात तशी पांढरी, फुगलेली, सुरकुतलेली. झाडावर चढणारा माणूस फांदीला धरतो तशी त्यांनी फळीची कड धरली होती. मग ती एकेक करून उलगडली आणि कडेखाली गेली. तेवढंच. त्याच्या मागं पाय होता की आणखी काय होतं ते मी बघितलेलं नाही.

"क्रांती, उतर," मी म्हणालो.

ती उतरली नाही. कठडा धरून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मूल पहिल्यांदा पाण्यात पाय घालतं तेव्हा असतो तसा चेहरा होता.

"क्रांती!"

मी धावलो. तिच्यापर्यंत तीन-चार पायऱ्या असतील, त्यांतल्या एकाही पायरीनं मला काही सांगितलं नाही. लाकूडही नाही, ऊबही नाही. मी पडलो, घसरलो, तिला कमरेला धरलं आणि दोघं गडगडत खाली दगडांवर आलो. माझा खांदा निखळला. तिला काही लागलं नाही.

ती उठून बसली. आपले पाय तिनं पोटाशी घेतले, पदरानं झाकले.

"काढून टाका ते," ती म्हणाली. पण जिन्याकडं न बघता. आणि आवाज मोठा नव्हता. आता ती माझ्याशी बहिऱ्याशी बोलावं तसं बोलत नव्हती. माझ्याशी बोलतच नव्हती, असंही म्हणता येईल.

८

सयाजीनं एका दिवसात जिना उतरवला. फळ्या त्यानं भट्टीत घातल्या, एकही बरोबर नेली नाही. भोकावर लोखंडी पत्रा मारला. लालासाहेबांपुढं मी निखळलेल्या खांद्याचं निमित्त केलं, म्हणालो, माझ्याच्यानं होणार नाही. त्यांनी फार ताणलं नाही. आम्ही गावी आलो.

माझं पूर्वीसारखंच झालं. सकाळी उठावं, जेवावं, झोपावं. वडिलांच्या फोटोला मी हार घालतो. फोटो सरळ आहे का बघतो.

क्रांती अनवाणी चालायला लागली. तिच्या टाचांना पहिल्यापासून भेगा, चपलेशिवाय ती परसातही जायची नाही. विचारलं तर म्हणाली, "नगं वाटत्यात." चुलीपुढं बसली की दोन्ही तळवे सारवलेल्या जमिनीवर सपाट टेकून बसते आणि तवा तापत ठेवून विसरते. कधी हसते, कधी डोळ्यांना धार लागलेली असते. चालताना पाऊल टाकते आणि क्षणभर थांबते, मग दुसरं टाकते. शेजारणी म्हणतात, सुभेदारीणबाईंनी चाल बदलली.

काल दुपारी आम्ही ऊस बघायला गेलो होतो. ती पुढं, मी मागं, बांधावरून. बांध जिथं वळतो तिथं ती वळली नाही. सरळ चालत राहिली, त्याच ठेक्यात, पाऊल, थांब, पाऊल, थांब, आमच्या विहिरीकडं. विहिरीला कठडा नाही. मी हाका मारल्या. ती ज्याच्या मागं चालली होती ते तिच्यापेक्षा एक पाऊल पुढं होतं, आणि मला ते दिसण्यासारखं नव्हतं.

काठावर मी तिचा दंड धरला. तिचा एक पाय उचललेला होता. पुढं पाणी, फार खोल, काळं.

तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत एवढं काही भरलेलं होतं, इतक्या वर्षांचं, सगळं एकदम, की मी बघत राहिलो.

मला भीती वाटायला पाहिजे होती. बायकोला आपण काठावरून ओढतोय, आणि उद्या ओढायला आपण नसलो तर, असं काहीतरी मनात यायला पाहिजे होतं. मी वाट बघितली. आलं ते एवढंच, की मला तिचा हेवा वाटला.

एका हातानं मी तिला घट्ट धरून ठेवलं. दुसऱ्या हातानं डाव्या पायाचा बूट काढला, मोजा काढला. तिचा पाय जिथं उमटला होता त्या ओल्या मातीवर माझा पाय ठेवला आणि सगळा भार दिला.

चिखल बोटांच्या जागी वर आला, तो मला दिसला.